फिनिक्सचे कोरडे धरण: रिकामे ठेवायचे की वापरायचे?

उत्तरफिनिक्सकर (धागा)

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या उत्तरेला केव्ह ब्यूट्स नावाचे मातीचे धरण आहे. उंची शंभर फुटांहून थोडी जास्त, क्षमता सुमारे ४६,००० एकर-फूट. आपल्या हिशेबात साधारण दोन टीएमसी, म्हणजे जवळजवळ एक खडकवासला. पण आत पाणी नसते. वर्षातले बहुतेक दिवस लोक धरणाच्या पोटात सायकली चालवतात, कुत्री फिरवतात.

इथल्या मराठी मंडळींच्या बैठकीत परवा यावरून चांगलीच जुंपली. काहींचे म्हणणे, पाण्यासाठी कोलोरॅडो नदीकडे हात पसरणाऱ्या शहराने एवढे धरण कोरडे ठेवणे हा करंटेपणा आहे. दुसरा गट म्हणाला, पाणी साठवायचे नसेल तर आतली जमीन तरी कामी लावा, घरांच्या किमती बघा कुठे गेल्यात. मला दोन्ही मागण्या धोक्याच्या वाटतात. बैठकीत नीट मांडता आले नाही म्हणून इथे लिहितो.

आधी हे धरण का आले ते. ऑगस्ट १९२१ मध्ये उत्तरेच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि केव्ह क्रीक नावाच्या ओढ्याचे पाणी फिनिक्समध्ये घुसले. हा ओढा एरवी कोरडा ठणठणीत. पाणी पसरत पसरत शहराच्या पश्चिम भागात आले आणि थेट राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत शिरले. तेव्हा फिनिक्सची वस्ती जेमतेम २९,००० होती. राज्यकर्त्यांच्याच पायाखाली पाणी आल्यावर काम लगेच हलले. १९२३ पर्यंत जॉन ईस्टवुड या अभियंत्याने आखलेले अनेक कमानींचे काँक्रीटचे केव्ह क्रीक धरण उभे राहिले. ते आजही जागेवर आहे. पण शहर वाढत उत्तरेकडे सरकले आणि ते धरण अपुरे पडू लागले. मग अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने त्याच्या थोडे खाली केव्ह ब्यूट्स बांधले, १९८० च्या सुमारास. त्याच योजनेत ड्रीमी ड्रॉ, अडोबी आणि न्यू रिव्हर ही आणखी तीन धरणे झाली. चारही धरणे पूर अडवण्यासाठीच. सिंचन नाही, वीज नाही, पिण्याचे पाणी नाही.

आता हे चालते कसे. तळाशी एक मोरी आहे आणि तिला दरवाजा नाही. ओढ्याला थोडे पाणी आले तर ते सरळ निघून जाते. मोठा लोंढा आला की मोरीतून जेवढे मावेल तेवढेच बाहेर पडते, पाचशे क्युसेकच्या आसपास, आणि बाकीचे मागे तुंबते. पुढचे काही दिवस, फारच भरले तर काही आठवडे, धरण आपले आपण रिकामे होत राहते. दरवाजे कधी उघडायचे हे ठरवायला कोणी माणूस नाही, रात्री दोन वाजता कोणाच्या फोनची वाट पाहायची नाही. मोरीच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. पावसाळ्यानंतर गेलात तर तिला अडकलेली झुडपे, पॅलोव्हर्डीच्या फांद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, टायर असे सगळे दिसते. शेजारी फुटांच्या खुणा रंगवलेली पट्टी आहे. त्या पट्टीवरच्या वरच्या आकड्यांकडे मान वर करून पाहिले की इथे कशाची तयारी करून ठेवली आहे ते कळते.

वाळवंटात पूर येतो हेच आपल्याला पटत नाही. फिनिक्सला वर्षाला सरासरी सात-आठ इंच पाऊस पडतो. आपल्याकडे एका चांगल्या श्रावणी आठवड्यात पडेल एवढा. पण ८ सप्टेंबर २०१४ ला एका दिवसात ३.३ इंच पडला आणि दहा नंबरच्या महामार्गावर गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इथली जमीन भाजून कडक झालेली, तिच्याखाली कॅलिची नावाचा चुनखडीचा थर सिमेंटसारखा घट्ट, डोंगर उघडे. पाणी मुरत नाही, सुटते. डोंगरात विजा चमकतात आणि तासाभरात खाली, जिथे आकाश निरभ्र आहे, तिथे लोंढा येतो. अशा पुराला रिकामी जागा लागते, तीही आधीपासून रिकामी. त्या जागेत पाणी साठवले किंवा घरे बांधली तर धरण फक्त नावाला उरते. तुमचे मत काय?

---

आकडेमोड

भावना समजली, पण हिशेब पटला नाही. कोलोरॅडोचे पाणी फिनिक्सपर्यंत आणणारा सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रकल्पाचा कालवा ३३६ मैल लांब आहे आणि ते पाणी पंपांनी चढ चढवून आणावे लागते. त्या नदीच्या पाण्यावर सात राज्यांची भांडणे चालू आहेत. त्याच नदीवरचे मीड सरोवर किती खाली गेले ते सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी दारात आलेले फुकटचे पाणी पाचशे क्युसेकने सोडून द्यायचे हे कुठले नियोजन?

मी पूर्ण धरण भरा म्हणत नाही. तळातला चौथा हिस्सा साठवणीला, वरचे तीन हिस्से पुराला. अमेरिकेतली शेकडो धरणे अशी दोन कामे करतात. सॉल्ट नदीवरचे रूझवेल्ट धरण १९९६ मध्ये ७७ फूट उंच केले, त्यात पुराचा वाटा वेगळा राखलाच ना? मग केव्ह ब्यूट्सलाच सोवळे का?

---

उत्तरफिनिक्सकर

रूझवेल्टला पाणलोट हजारो चौरस मैलांचे आणि मागे बर्फाचे डोंगर. तिथे दरवर्षी पाणी येणार हे नक्की. केव्ह क्रीकला किती वर्षांत एकदा भरण्याजोगे पाणी येईल सांगता येत नाही. एखाद्या वर्षी अडवलेच तरी इथल्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी वर्षाला सहा फुटांच्या घरात नुसत्या बाष्पीभवनाने उतरते. उथळ डबके उन्हाळा संपायच्या आत आटणार, आणि मधल्या काळात डास.

पाणी वाचवायचेच असेल तर जमिनीखाली जिरवा. सॉल्ट नदीच्या पात्रात ग्रॅनाइट रीफ बंधाऱ्याच्या खाली १९९४ पासून मोठमोठ्या वाफ्यांत पाणी सोडून भूजल भरले जाते. ते काम धरणाच्या पोटात करायची गरज नाही. तुमचा चौथा हिस्सा आज चौथा आहे. एकदा त्या पाण्यावर कोणाचा हक्क लागला की तो तिसरा होईल, मग अर्धा.

---

धायरीकर

पुण्यात राहतो, त्यामुळे या शेवटच्या वाक्यावर मी सही करतो.

खडकवासला साखळीत जुलै महिन्यात काय होते ते आम्ही दरवर्षी पाहतो. धरण भरले पाहिजे, कारण पुढचे दहा महिने शहराला आणि दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतीला पाणी द्यायचे आहे. धरण रिकामे पाहिजे, कारण उद्या घाटात ढग फुटला तर जागा लागेल. दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात कशा करणार? २५ जुलै २०२४ ला मुठेत ३५,००० क्युसेकच्या आसपास विसर्ग सोडला गेला आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत पहाटे घराघरांत पाणी आले. लोक झोपेतून उठले तेव्हा तळमजल्यावर गाद्या तरंगत होत्या. आमच्या नात्यातल्या एक आजी तिथून खुर्चीवर बसवून बाहेर काढाव्या लागल्या.

पिण्याचे पाणी आणि पुराची जागा यांची वेगवेगळी धरणे असणे ही चैन वाटेल, पण ज्यांना परवडते त्यांनी ती सोडू नये.

---

वर्षा_स्कॉट्सडेल

मी या धाग्याच्या दोन्ही बाजूंना विरोध करायला आले आहे. धरण भरा की रिकामे ठेवा हा वाद धरण हवेच हे गृहीत धरून चालला आहे.

फिनिक्सला लागून असलेल्या आमच्या स्कॉट्सडेलमधून इंडियन बेंड वॉश नावाचा कोरडा ओढा उत्तर-दक्षिण जातो. पूर्वी पावसात शहराचे दोन तुकडे व्हायचे. साठच्या दशकात अभियंता दलाने उपाय सुचवला: काँक्रीटचा सात मैलांचा खोल कालवा, दोन्ही बाजूंना कुंपण. गावकऱ्यांनी तो नाकारला. म्हणाले, ओढ्याला त्याची रुंदी द्या. मग २२ जून १९७२ ला मोठा पूर आला. त्यानंतर कामाला वेग आला आणि आज तिथे मैलोन्‌मैल हिरवा पट्टा आहे. तळी, हिरवळ, सायकलचे रस्ते, गोल्फची मैदाने. पाऊस आला की बागा बुडतात, रस्त्यांवर अडथळे लावतात. पाणी ओसरले की चार दिवसांत चिखल उचलून मुले पुन्हा खेळायला येतात.

मी रोज संध्याकाळी त्याच पट्ट्यातून चालते. बाकांचे पाय काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले आहेत, कचऱ्याचे डबे साखळीने बांधलेले आहेत, कारण हे सगळे पाण्याखाली जाणार हे आखतानाच ठरलेले होते. पुराला शत्रू मानून भिंत बांधण्यापेक्षा हे मला शहाणपणाचे वाटते. भिंतीमागे राहणाऱ्या माणसाला पाणी दिसतच नाही. आमच्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते की ही जागा ओढ्याची आहे.

---

निवृत्त उपअभियंता

पाटबंधारे खात्यात मातीच्या धरणांवर आयुष्य गेले, म्हणून थोडे सविस्तर.

वर्षाताई, हरित पट्टा उत्तम, पण त्याला रुंदी लागते आणि ती रुंदी वस्ती व्हायच्या आधी राखावी लागते. स्कॉट्सडेलने वेळेवर राखली. फिनिक्समध्ये केव्ह क्रीकला खाली धड पात्रच उरले नव्हते, शेते आणि मग घरे झाली होती. शिवाय १८८५ पासूनचा अ‍ॅरिझोना कालवा पूर्व-पश्चिम आडवा गेलेला, उत्तरेकडून येणारे पाणी त्याच्या बांधाला तटायचे. १९७२ च्या पुरात कालवा फुटलाच. तेव्हा पाणी वरच अडवून त्याचा जोर मोडल्याशिवाय इलाज नव्हता. आता धरणाने जोर मोडल्यामुळेच खालच्या केव्ह क्रीकच्या पात्रात बागा आणि मैदाने करता आली. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

माझी चिंता निराळी आहे आणि ती धागाकर्त्यांनी मांडली नाही. नेहमी कोरडे राहणारे मातीचे धरण हे न तपासलेले धरण असते. नेहमीच्या धरणात दरवर्षी पाणी चढते. पाझर कुठून, किती, गढूळ की स्वच्छ हे आम्ही रोज नोंदवतो. पाणी गढूळ येऊ लागले की समजायचे आतली माती वाहते आहे. कोरड्या धरणाला ही नाडी नाही. ऊन खाऊन भराव आकसतो, भेगा पडतात, घुशी-उंदीर बिळे करतात, झुडपांची मुळे शिरतात. मग तीस-चाळीस वर्षांनी ते एका रात्रीत भरते आणि तीच त्याची पहिली परीक्षा.

पहिली भरणी किती वाईट असते ते महाराष्ट्राला सांगायला नको. पानशेत पहिल्याच पावसाळ्यात भरत असताना १२ जुलै १९६१ ला फुटले आणि त्याच्या पाण्याने खडकवासला गेले. अमेरिकेत आयडाहोतले टेटन धरण ५ जून १९७६ ला पहिल्याच भरणीत फुटले. दोन्ही मातीची.

फिनिक्समध्ये आणखी एक दुखणे आहे. अनेक दशके भूजल उपसल्यामुळे जमीन खचली आणि लांबच लांब भेगा पडल्या. पश्चिमेला ल्यूक या हवाई दलाच्या तळाच्या रक्षणासाठी पन्नासच्या दशकात बांधलेल्या मॅकमिकन धरणाच्या दक्षिण टोकाजवळ अशीच भेग निघाली, तेवढा भाग नव्याने करावा लागला. भरावाखालून अशी भेग गेली तर पाण्याला बोगदा आयता मिळतो.

म्हणून "रिकामे ठेवा" एवढे पुरत नाही. रिकाम्या धरणावर भरलेल्या धरणापेक्षा जास्त पैसा आणि जास्त डोळे लागतात. आणि पाणी दिसत नसल्यामुळे नेमका तोच पैसा आधी कापला जातो.

---

आकडेमोड

काका, मग हे माझ्याच बाजूचे झाले. थोडे पाणी ठेवले तर भराव ओलसर राहील आणि पाझरही कळेल.

---

निवृत्त उपअभियंता

नाही. तळाशी वीस फूट पाणी ठेवून वरच्या ऐंशी फुटांची परीक्षा होत नाही. खालचा भाग ओला आणि वरचा भाजलेला, असा भराव तर मला मुळीच नको.

---

दापोलीकर

मी ओमानमध्ये मस्कतला नोकरीला होतो. जून २००७ मध्ये गोनू वादळ आले तेव्हा तिथेच होतो, म्हणून वर्षाताईंना सांगतो.

तिथे कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात. वर्षानुवर्षे आम्ही वादीत गाड्या उभ्या करायचो, क्रिकेट खेळायचो. त्या दिवशी डोंगरातून पाणी आले ते पाणी नव्हतेच, दगड, माती, गाड्या, पाण्याच्या टाक्या यांचा रेटा होता. रस्ते मधोमध कापून गेले. ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसे गेली. समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने बंद पडले आणि चहूकडे पाणी असताना पिण्याच्या बाटलीसाठी रांगा लागल्या. आमच्या इमारतीत रत्नागिरीकडची पाच-सहा मुले होती. सगळ्यांनी मिळून एका बादलीत दोन दिवस काढले.

त्या रेट्याला बाग आणि हिरवळ काय अडवणार? मस्कतला डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच चिंचोळी. नंतर अमेरातच्या बाजूला डोंगरात पूर अडवणारे धरण बांधले ते योग्यच झाले. ज्याने तो आवाज ऐकला आहे तो धरण रिकामे का म्हणून विचारणार नाही.

---

नदीवेडी

दापोलीकर, तुमचा अनुभव अंगावर आला. पण तोच रेटा धरण फुटून आला तर?

लिबियातल्या डेर्नाचे नाव अजून कोणी काढले नाही याचे नवल वाटते. कोरडी वादी, तिच्या मुखाशी शहर, वरच्या अंगाला सत्तरच्या दशकात बांधलेली दोन धरणे. एक अबू मन्सूर शहरापासून दहा-बारा किलोमीटर वर, दुसरे अगदी शहराच्या डोक्यावर. काम एकच, डेर्नाला पुरापासून वाचवायचे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री डॅनियल वादळात वरचे फुटले, त्याच्या पाण्याने खालचे फुटले आणि शहराचा मधला भाग माणसांसकट समुद्रात गेला. मृतांची संख्या हजारांत आहे, अनेकांचे मृतदेहही मिळाले नाहीत. भेगा १९९८ सालीच नोंदवल्या गेल्या होत्या. २०२२ मध्ये एका लिबियन अभियंत्याने धोका असल्याचे लिहूनही ठेवले होते.

धरण नसते तरी त्या रात्री पूर आला असता, हे मान्य. पण वादीच्या काठाला एवढ्या दाट वस्तीला उभे राहायचे धाडस कोणी दिले? धरणाने. हा माझा खरा आक्षेप आहे. शेते वाचवायला धरण बांधतात. शेते सुरक्षित झाली म्हणून तिथे घरे येतात. मग घरे आहेत म्हणून धरण मोठे करतात. फिनिक्समध्ये १९२१ ते १९८० हेच झाले, धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे, फक्त त्याला प्रगती म्हटले आहे.

आणि सुरक्षित कोणाला करायचे, बुडवायचे कोणाला? याच फिनिक्सला वाचवण्यासाठी सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांच्या संगमावर ऑर्म धरण बांधायचे घाटत होते. त्यात फोर्ट मॅकडॉवेलच्या यावापाई लोकांची बहुतेक जमीन बुडणार होती. १९७८ ते १९८० या काळात फिनिक्सला लागोपाठ पूर आले, पूल वाहून गेले, आणि शहरातून "आता धरण बांधाच" असा गिल्ला झाला. काहीशे वस्तीच्या त्या जमातीने पैसे नाकारले. सप्टेंबर १९८१ मध्ये तीन दिवस चालत त्यांनी फिनिक्सच्या कॅपिटॉलपर्यंत मोर्चा नेला आणि नोव्हेंबरमध्ये धरण रद्द झाले. कोयना-उजनीच्या बुडितांतून उठलेल्या माणसांची नातवंडे इथे वाचत असतील. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

---

उत्तरफिनिक्सकर

नदीवेडीताई, ऑर्मबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. ते धरण झाले नाही हे चांगले झाले, आणि शहर त्याशिवाय जगले. रूझवेल्ट उंच केले, पूल मजबूत बांधले. पण ऑर्म हे नदीवरचे कायम भरलेले जलाशय होणार होते. केव्ह ब्यूट्सच्या मागे आजही मोकळे वाळवंट आहे. कोरड्या धरणाच्या बाजूने हाही एक मुद्दा आहे: त्याच्या पोटातली जमीन जिवंत राहते. सग्वारो निवडुंग तिथेच उभे आहेत, कोल्हे, ससे तिथेच आहेत.

डेर्नाचा दोष धरण या कल्पनेवर टाकणे मला मान्य नाही. तिथे देखभाल झाली नाही, देश वर्षानुवर्षांच्या युद्धाने पोखरलेला होता, आणि त्या रात्री लोकांना घर सोडा सांगायचे की घरात थांबा यावरही एकवाक्यता नव्हती. फिनिक्स ज्या जिल्ह्यात येते त्या मॅरिकोपा काउंटीत १९५९ पासून पूरनियंत्रणाचे स्वतंत्र खाते आहे. वीसहून जास्त धरणे त्यांच्याकडे, पर्जन्यमापकांचे जाळे आहे, प्रत्येक धरण फुटल्यास पाणी कुठवर जाईल याचे आराखडे आहेत.

राहिली वस्तीची गोष्ट. धरण आहे म्हणून घरे येतात हे खरे. पण वाळवंटातले शहर धरण नसले तरी ओढ्यात घरे बांधते. सौदीतल्या जेद्दात २००९ च्या नोव्हेंबरमध्ये शंभरहून अधिक माणसे गेली, ती वादीच्या वाटेत वसलेल्या वस्त्यांतली होती. तिथे धरणाने कोणाला धाडस दिले होते?

---

नदीवेडी

जेद्दात नियम धाब्यावर बसवून बांधकामे झाली म्हणून अधिकाऱ्यांवर खटले चालले. म्हणजे दुखणे जमिनीच्या परवान्यांत आहे. तिथे धरणे बांधून परवान्यांचा प्रश्न सुटत नाही, झाकला जातो. माझे म्हणणे तुम्ही पुढे नेलेत.

---

लास_वेगासहून

थोडी भर. आमच्याकडे १९८३-८४ च्या पुरांनंतर १९८५ मध्ये राज्याने वेगळे पूरनियंत्रण मंडळ काढले. १९८६ मध्ये लोकांनी मतदान करून विक्रीकरात पाव टक्का वाढ स्वीकारली, तीही पुरासाठीच राखून. त्या पैशातून डोंगरांच्या पायथ्याला एकामागून एक पूर अडवणीचे, एरवी कोरडे तलाव बांधत आणले. निवृत्त उपअभियंता विचारतात तो पैसा कुठून येणार, त्याचे हे एक उत्तर: दर खरेदीवर थोडाथोडा, कायमचा, आणि दुसऱ्या कशाला वळवता न येणारा. ८ जुलै १९९९ ला पुन्हा मोठा पूर आला, माणसेही गेली, पण जिथे तलाव झाले होते आणि जिथे नव्हते तिथला फरक दिसला.

मात्र काही तलावांच्या पोटात आमच्याकडे फुटबॉलची मैदाने आहेत. धागाकर्ते म्हणतात "जमीन वापरू नका", ते मला टोकाचे वाटते.

---

उत्तरफिनिक्सकर

मैदानाला माझा विरोध नाही. अडोबी धरणाच्या मागे आमच्याकडेही रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानांचे मैदान आहे, गोल्फ आहे, पाण्याच्या घसरगुंड्यांचे उद्यान आहे. पण पहिल्या दोघांत आणि तिसऱ्यात फरक आहे. मैदान बुडाले तर चिखल काढायचा. ज्यात कोट्यवधी डॉलर गुंतले आहेत, कामगार आहेत, मुले आहेत, त्याला उद्या कुंपण लागेल, मग बांध लागेल, मग "पाणी इकडे नको" म्हणून अर्ज येईल. जे बुडून पुन्हा वापरता येते आणि जिथे रात्री कोणी झोपत नाही, एवढेच आत असावे.

---

चँडलरची_सुनीता

मला या सगळ्यांतले फारसे कळत नाही, पण आम्ही सध्या उत्तर फिनिक्समध्ये घर बघतो आहोत आणि एक घर केव्ह क्रीकच्या पात्रापासून अगदी जवळ आहे. एजंट म्हणतो, हा भाग पूररेषेत नाही, विमा सक्तीचा नाही, काळजी नको. धागा वाचून झोप उडाली. काय करावे?

---

निवृत्त उपअभियंता

सुनीताताई, घाबरू नका, पण एजंटचे अर्धेच खरे आहे. इथल्या पूररेषा धरण शाबूत आहे असे धरून काढलेल्या असतात. आपल्याकडे निळी आणि लाल रेषा आखतात तीही बहुधा ठरावीक विसर्ग धरूनच. तेव्हा दोन नकाशे मागा: एक नेहमीची पूररेषा, दुसरा धरण फुटल्यास किंवा सांडव्यावरून पाणी गेल्यास बुडणारा भाग. दुसरा काउंटीच्या खात्याकडे चौकशी केल्यास समजेल.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. सक्ती नसलेल्या भागात त्याचा हप्ता सहसा कमी असतो. मी असतो तर घर घेतले असते आणि विमाही घेतला असता.

---

वर्षा_स्कॉट्सडेल

सुनीता, आणखी एक बघ. सोसायटीच्या आत खोलगट हिरवळ असेल. मुलांना खेळायला केली असे वाटते, पण नव्या वसाहतींना इथे नियम आहे: शंभर वर्षांतून एकदा येईल असा दोन तासांचा पाऊस आपल्याच आवारात अडवायचा आणि ३६ तासांत जिरवायचा किंवा सोडायचा. हिरवळीच्या मधोमध लोखंडी झाकणाचा शोषखड्डा असतो. तो मातीने बुजलेला असेल तर ती सोसायटी काळजी घेत नाही असे समज. पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघ, पाणी साचलेले असेल तर सोड ते घर.

आणि धागाकर्त्यांना सांगते, माझा मुद्दा हाच आहे. हजारो वसाहतींचे हजारो खोलगट तुकडे, त्यांना जोडणारे रुंद ओढे. यात फुटायला काही नाही. एक तुकडा बिघडला तर चार घरांच्या अंगणात पाणी येते, अर्धे शहर जात नाही.

---

उत्तरफिनिक्सकर

ते तुकडे त्याच आवारात पडलेल्या पावसाला पुरतात. केव्ह क्रीकचे पाणी शहरात पडतच नाही, डोंगरातून येते. शंभर चौरस मैलांहून मोठ्या पाणलोटाचे पाणी सोसायटीच्या हिरवळीत कसे मावेल?

---

वर्षा_स्कॉट्सडेल

मावणार नाही, म्हणून ओढा रुंद हवा. तुमच्याकडे तो रुंद करता येत नाही कारण काठावर घरे आहेत, आणि घरे आहेत कारण धरण होते. नदीवेडी म्हणाली तिथेच आपण परत आलो. आजचे केव्ह ब्यूट्स पाडा असे मी म्हणत नाही. पण उत्तरेकडे अजून मोकळे ओढे आहेत आणि शहर तिकडेच सरकते आहे. तिथे नवे धरण मागण्याआधी पात्राच्या दोन्ही काठांची जमीन आत्ताच विकत घ्या. एकदा घरे उभी राहिली की तुमच्या बाजूचा युक्तिवाद आपोआप जिंकतो, आणि हेच मला खटकते.

---

निवृत्त उपअभियंता

यातल्या जमीन आत्ताच घ्यावी या भागाशी पूर्ण सहमत. धरणाच्या भिंतीपेक्षा ती स्वस्त पडेल आणि तिला पाझर नाही. मात्र डोंगराच्या तोंडाशी जिथे उतार तीव्र आहे तिथे नुसते रुंद पात्र पुरत नाही, लोंढा आपली वाट दरवेळी बदलतो. डोंगरातून सपाटीवर येणाऱ्या ओढ्यांचा गाळ पंख्यासारखा पसरलेला असतो आणि पाणी त्यातल्या कुठल्याही पाकळीतून येऊ शकते. तुम्ही घेतलेली जमीन कोरडी राहील आणि शेजारची पाकळी बुडेल. तिथे अडवणूक लागणारच. कुठे पात्र आणि कुठे भिंत हे ओढ्यागणिक ठरेल.

---

आकडेमोड

साठवणीचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही. भूजल भरायचे वाफे धरणाच्या खाली, मोरीच्या विसर्गावर करता येतील का, याचे उत्तर कोणीच दिले नाही. पाचशे क्युसेक काही आठवडे म्हणजे चांगले ठरलेले, मोजलेले पाणी आहे. धरण रिकामेच राहील आणि पाणीही वाया जाणार नाही.

---

उत्तरफिनिक्सकर

हे करता येण्यासारखे आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे. अडचण दोन. पुराचे पाणी गढूळ असते, गाळ बसून वाफे चोंदतात, तेव्हा आधी गाळ बसवायला जागा लागेल. आणि पाणी सलग तीन वर्षे आलेच नाही तरी वाफ्यांची निगा कोणीतरी करावी लागेल. वाफे धरणाच्या खालच्या अंगाला असतील तोवर माझी हरकत नाही. काकांनी हिशेब मांडावा.

---

निवृत्त उपअभियंता

मांडतो. खालच्या पात्रात वाळू किती फूट आहे आणि कॅलिची कुठे लागतो एवढे कोणी मिळवून द्या. त्याशिवाय आकडा काढण्यात अर्थ नाही.